हात राखून

आजच्या मननासाठी एक झुडूप डोळ्यांसमोर घेऊ. सिडनीच्या आसपास वालुकाश्माच्या टेकाडांवर वाढणारं हे झुडूप, बँक्सिया एरिसिफोलिया. तुमच्या परसात असेल तर खुर्ची त्याच्याजवळ न्या. नसेल तर वाचता वाचता मनात उभं करा. पाठ ताठ असू द्या, खांदे सैल सोडा, हात मांडीवर ठेवा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आधी पान बघा. सुईहून जरा रुंद, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. पान उलटलं की खालची बाजू पांढुरकी दिसते. अशी शेकडो पानं एका फांदीवर दाटीने बसली आहेत. त्यांतून वर आलंय केशरी फुलांचं कणीस, वीतभर उंच. लांबून ते एकच फूल वाटतं, पण जवळ गेलं की कळतं, यात शेकडो इवली फुलं आहेत. प्रत्येकातून तारेसारखी एक परागवाहिनी बाहेर वाकली आहे. काहींची टोकं अजून फुलातच अडकून कमान झाली आहे, काही सुटली आहेत. त्यांतली एकच कमान निवडा आणि दोन-तीन श्वास तिच्यापाशी थांबा.

आता नजर खाली आणा. ही जमीन वाळूची आहे, खूप जुनी आहे. पावसाने युगानुयुगं धुतल्यामुळे तिच्यात स्फुरद नावापुरतं उरलं आहे. कोणत्याही शेतकऱ्याने हिला नापीक म्हटलं असतं. १७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजातून आलेल्या जोसेफ बँक्सने बॉटनी बे इथे याच झाडाचे नमुने गोळा केले. पुढे १७८२ मध्ये धाकट्या लिनियसने या प्रजातीला बँक्सचं नाव दिलं. त्याआधी हजारो वर्षं इथले आदिवासी बँक्सियाची फुलं पाण्यात भिजवून गोड पेय करत आले होते. नापीक म्हणावं अशा जमिनीतून एवढा गोडवा येतो कसा? उत्तराची घाई नको. प्रश्न जरा मनात राहू द्या.

पालापाचोळ्याच्या लगेच खाली या झाडाची खास मुळं असतात. बाटली धुवायच्या ब्रशसारखे आखूड, दाट गुच्छ. ती मातीत आम्लं सोडतात आणि मातीच्या कणांना घट्ट चिकटलेलं स्फुरद सोडवून घेतात. मिळवलेलं स्फुरद झाड फार जपून वापरतं. पान गळण्याआधी त्यातलं बहुतेक स्फुरद परत ओढून घेतं आणि बियांसाठी साठवतं. मध मात्र भरपूर देतं, कारण मधातली साखर ऊन, हवा आणि पाण्यातून होते. तिला स्फुरद खर्ची पडत नाही. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, तिकडच्या शरदात आणि हिवाळ्यात, हनीईटर पक्षी या कणसांवर येतात, रात्री उंदराएवढे पिग्मी पोसमही येतात.

आता स्वतःकडे वळा. आपल्यापाशी मुबलक असून आपण उगाच राखून ठेवतो असं काय आहे? आणि मोजकंच असून आपण उधळतो असं काय? पहिलं जे आठवेल ते धरा, त्याचा न्यायनिवाडा करू नका.

यानंतर आपल्या हातांकडे बघा. झाड मलूल दिसलं की हे हात खताकडे जातात. शेणखत, कोंबडीखत, हाडांचा चुरा, डीएपी. गुलाबाला आणि जास्वंदीला आपण असंच वाढवलं. बँक्सियाला मात्र हा पाहुणचार सोसत नाही. स्फुरद समोर आलं की ते नाकारायची सोय या मुळांत जवळजवळ नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती. ती ओढत राहतात, पानं पिवळी पडतात, कडा करपतात. आपण मात्र समजतो, कमी पडलं असेल. मग आणखी घालतो.

इथे थांबा. तुमच्या आग्रहाला नाही म्हणता येत नाही, असं घरात कोण आहे? त्या माणसाचा चेहरा आठवा आणि पाच श्वास त्याच्यासोबत बसा.

हात आवरणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. रोप लावल्यावर पहिले एक-दोन उन्हाळे त्याला अधूनमधून खोलवर मुरेल असं पाणी लागतं. ऊन लागतं आणि पाणी साचणार नाही अशी जागा लागते. बुंध्याशी खुरपं चालवायचं नाही, नाहीतर वरची मुळं तुटतात. फुलं सरल्यावर कणसाच्या जरा खाली छाटायचं, पण हिरवी पानं राखून. जुन्या निष्पर्ण लाकडावर हे झाड पुन्हा फुटत नाही.

एखाददुसरं सुकलेलं कणीस मात्र राहू द्या. त्यावर दोन झडपांची, लाकडासारखी टणक फळं धरलेली असतील. शेकडो फुलांतून मोजकीच. ती वर्षानुवर्षं मिटलेली राहतात. रानात वणवा आला की झाड जळून जातं, झडपा मिटवून ठेवणारी राळ वितळते, त्या उघडतात आणि बी राखेवर पडतं. तुमच्या बागेत वणवा येणार नाही, येऊही नये. तरी ते राखाडी कणीस बघून "हे मेलंय, काढून टाकू" असं मनात आलं, तर कात्री उचलण्याआधी एक श्वास घ्या. आपल्याला दिसत नाही तेवढ्यावरून आपण किती गोष्टी संपल्या असं ठरवून टाकतो!

पुण्या-मुंबईच्या बागांत उभा असलेला सिल्व्हर ओक याच कुळातला. बँक्सिया नसेल तर त्याच्याखाली हे मनन करता येईल.

उठण्याआधी एक छोटं काम ठरवा. बँक्सियासाठी खत घेताना पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला वाचा. तो स्फुरदाचा, आणि तो अगदी लहान हवा. आणि मघाशी ज्यांचा चेहरा आठवला, त्यांना आज काही वाढण्याआधी विचारा, "हवंय का?" त्यांनी नको म्हटलं, तर दुसऱ्यांदा विचारू नका.