अंतर भागिले वेग

अंतर भागिले वेग म्हणजे वेळ, हे सूत्र आम्ही शाळेत मुलांकडून घोटून घेतो. नागपूर व पुणे या विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६०० किलोमीटर. उंचावर गेलेले विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास धावते. म्हणजे उत्तर पाऊण तास. वेळापत्रकात मात्र सव्वा ते दीड तास असतो, कारण धावपट्टीवर सरकणे, चढणे, उतरणे सूत्रात धरलेले नसते. पांढुर्ण्याहून सोनेगावपर्यंतचे शंभरेक किलोमीटर मिळवले, की अर्धा दिवस जातो. तरीही रात्रभराच्या रेल्वेप्रवासापुढे तो थोडाच. हा वाचलेला वेळ आपल्यावर काही नवे कर्तव्य टाकतो का?

१९४९ साली टपाल खात्याची रात्रीची विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. पत्र असे रातोरात जाई. सामान्य माणसाला मात्र आगगाडीचाच आधार होता. आईच्या आजारपणाची तार मिळूनही दूर देशीचा मुलगा वेळेवर पोहोचला नाही, तर गाव त्याला दोष देत नसे. अंतरच त्याची बाजू मांडत असे.

आज सौंसर-पांढुर्ण्याच्या कितीतरी घरांतली मुले पुण्या-मुंबईस आहेत. 'काही झालं तर लगेच विमानाने येतो,' असे ती सांगतात. त्यातला 'तर' विचार करण्याजोगा आहे. काही झाले नाही, तर येण्याचे कारणच उरत नाही. येणे सोपे झाले, तसे ते पुढे ढकलणेही सोपे झाले.

मुलांची बाजूही खरी आहे. सणासुदीला तिकिटे महागतात, रजा मिळत नाही. जे करणे शक्यच नाही ते कर्तव्य ठरत नाही, हा नीतिशास्त्रातला जुना दंडक आहे. पण शक्य ते सारे कर्तव्य असेही नव्हे. नाही तर प्रत्येक नव्या विमानफेरीगणिक आपण अधिक पापी ठरू. कर्तव्य निर्माण होते ते घरी कोणी वाट पाहत असते म्हणून, आणि ते विमानाच्या आधीपासूनच होते. ज्याला परवडते व रजा मिळते, त्याची अंतराची सबब तेवढी विमानाने काढून घेतली.

हा हिशेब केवळ बाहेरगावच्या मुलांना लावून भागणार नाही. ज्यांची मुले दूर आहेत अशी वृद्ध माणसे आपल्याच गल्लीत राहतात. त्यांच्या दारापर्यंत चालत जायला पाच मिनिटे लागतात. तेथे आपण या दिवाळीत तरी गेलो का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.