उजळणीला कुठली पुस्तकं घ्यायची?

मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमेरिकेतल्या हायस्कुलांमध्ये 'एपी' परीक्षांची धांदल असते. इथल्या मराठी घरांत कॅल्क्युलस आणि फिजिक्सची चर्चा रात्रंदिवस चालते. इंग्रजी साहित्याच्या पेपराबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. गोष्टीची पुस्तकं वाचायची, त्यात अभ्यास तो काय, असा आपला समज. मला तर या पेपरातला तिसरा निबंध सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला मिळणाऱ्या मोठ्या संधींपैकी एक वाटतो.

पेपर तीन तासांचा. पहिल्या तासात 55 बहुपर्यायी प्रश्न, पुढच्या दोन तासांत तीन निबंध. पहिल्या निबंधासाठी कविता आणि दुसऱ्यासाठी कथा-कादंबरीतला उतारा समोर दिलेला असतो. तिसऱ्याला फक्त एक विषय आणि खाली काही साहित्यकृतींची यादी. यादीबाहेरचीही तोलामोलाची कुठलीही कादंबरी किंवा नाटक घ्यायची मुभा असते. पुस्तक जवळ ठेवता येत नाही. साधारण चाळीस मिनिटांत, जे डोक्यात असेल त्यावर लिहायचं.

आपण दहावी-बारावीला '21 अपेक्षित' पाठ करून बसायचो. पुस्तक बोर्डाने नेमलेलं, प्रश्नही थोडेफार ओळखीचे. इथे प्रश्न परीक्षकांचा आणि पुस्तक आपलं. त्यामुळे परीक्षेच्या आधी कुठली पुस्तकं पुन्हा हातात घ्यायची, या निवडीतच निम्मा अभ्यास होतो.

आमच्या लेकीने गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जेवणाच्या टेबलावर चार वर्षांचं वाचन मांडून ठेवलं होतं. 'द ग्रेट गॅट्सबी', 'हॅम्लेट', 'फ्रँकेनस्टाइन', 'थिंग्ज फॉल अपार्ट', 'बिलव्हेड', 'अ रेझिन इन द सन', 'किंग लिअर' आणि आणखी कितीतरी. सगळ्यांची उजळणी करायची म्हणजे सगळ्यांचे सारांश वाचायचे, दुसरा इलाजच नाही. आणि सारांशाचा इथे काडीचाही उपयोग नाही. निबंधाला सहा गुण असतात. एक गुण मुद्दा नेमका मांडल्याचा, चार पुराव्याचे आणि त्यावरच्या विवेचनाचे, एक जाणतेपणाचा. नुसतं कथानक सांगू नका, असं प्रश्नातच बजावलेलं असायचं. 'बिलव्हेड'चा सारांश अर्ध्या पानात मावतो, पण त्या अर्ध्या पानात टोनी मॉरिसन कुठेच नसते.

मग काही मुलं दुसऱ्या टोकाला जातात. राल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन' वर्षानुवर्षं या याद्यांमध्ये येत आली आहे, तेव्हा तीच पाठ करू, असं ठरवतात. कादंबरी थोरच आहे. पण वजनदार म्हणून उचललेलं पुस्तक ऐनवेळी साथ देत नाही. ज्याच्याशी आपलं भांडण अजून संपलेलं नाही, ते पुस्तक देतं.

आम्ही मागच्या प्रश्नांवर पुस्तकं घासून पाहिली. 2010 मध्ये विषय होता हद्दपारी. 2018 मध्ये भेट किंवा देणगी, जी वरदानही असते आणि ओझंही. 2019 मध्ये ध्येयवाद, 2022 मध्ये माणसामाणसांतली उतरंड, 2024 मध्ये अनिर्णय. आता 'अ रेझिन इन द सन' घ्या. लोरेन हॅन्सबेरीचं हे नाटक 1959 मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा ती 28 वर्षांची होती, आणि कृष्णवर्णीय स्त्रीचं नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ. शिकागोच्या साउथ साइडमधलं दाटीवाटीचं घर, वडिलांच्या मृत्यूनंतर आलेला विम्याचा 10,000 डॉलरचा चेक, आणि त्या पैशावर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं स्वप्न. देणगी म्हणाल तर हा चेकच. शिवाय घरच्यांनी आईला दिलेली बागकामाची अवजारं आणि नातवाने आणलेली भलीमोठी हॅट. उतरंड म्हणाल तर गोऱ्या वस्तीतून आलेला लिंडनर. अगदी सभ्य भाषेत तो सांगतो की तुम्ही इथे राहायला येऊ नका, त्याबद्दल आम्ही पैसे देऊ. अनिर्णय म्हणाल तर त्या लिंडनरसमोर, स्वतःच्या मुलाच्या देखत उभा असलेला घरातला मुलगा वॉल्टर.

आणि खिडकीतलं ते रोप. उन्हाचा कवडसा कसाबसा पोचणाऱ्या त्या घरात आई, म्हणजे नाटकातली 'मामा', रोज त्याला जपते. शेवटी सामान गेल्यावर ती परत आत येते ती ते रोप घ्यायला. ही बारीकशी गोष्ट लक्षात असली की निबंध उभा राहतो. परीक्षकाला दाखवायचा पुरावा म्हणजे ही हॅट आणि हे रोप. जाडजूड विधानांनी ते काम होत नाही. नाटक छोटं आहे, दोन संध्याकाळींत पुन्हा वाचून होतं, हाही फायदाच. ते यादीत पहिलं गेलं.

दुसरं 'किंग लिअर'. ते काढून टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. भाषा अवघड, पात्रं फार. तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या होत्या. गोष्ट ऐकून म्हणाल्या, "अगं, हा तर आपला अप्पा बेलवलकर." आणि त्यांनी नातीला 'नटसम्राट' सांगितलं. 1970 मध्ये शिरवाडकरांचं हे नाटक आलं, डॉ. श्रीराम लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि मराठी घरांतल्या एका पिढीला लिअर ठाऊक झाला तो या वाटेने.

नातीने विचारलं, "आजी, मग यातली कॉर्डेलिया कोण?" सासूबाई थांबल्या. बेलवलकरांना मुलगा आणि मुलगी अशी दोनच अपत्यं. खरं बोलून बापाचा रोष ओढवून घेणारी तिसरी लेक 'नटसम्राट'मध्ये नाहीच. तिथली निष्ठा बायकोकडे, कावेरीकडे गेली आहे, आणि पुढे रस्त्यावर बुटांना पॉलिश करणाऱ्या राजाकडे. मग दोघींचा वाद रंगला. कॉर्डेलियाने बापाचं मन राखायला दोन गोड शब्द बोलायला काय हरकत होती? आजीचं म्हणणं, म्हाताऱ्या माणसाला तेवढं द्यावं. नातीचं म्हणणं, राज्याच्या वाटणीसाठी प्रेमाची बोली लावणाऱ्याला ते देऊ नये. वाद मिटला नाही. पण नातीने त्या रात्री पहिला अंक पुन्हा काढला, आणि या वेळी तिला दिसलं की बापाला तोंडावर विरोध करणारा केंट हद्दपार होतो, आणि वेश बदलून त्याच्याच चाकरीला परत येतो. 2010 चा प्रश्न डोळ्यांपुढे होताच.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपली मुलं परीक्षेला जाताना घरातलं मराठी दाराबाहेर काढून ठेवतात, जणू त्याचा तिथे संबंध नाही. 'नटसम्राट'चं नाव निबंधात यावं असं मुळीच नाही. पण कॉर्डेलिया नसलेलं लिअरचं एक रूप ज्या मुलीला माहीत आहे, तिला कॉर्डेलिया कशासाठी आहे हा प्रश्न आपोआप पडतो. वर्गातल्या किती जणांना तो पडत असेल?

शेवटी चार राहिली. 'रेझिन', 'लिअर', 'बिलव्हेड' आणि 'थिंग्ज फॉल अपार्ट'. गॅट्सबी तिचा लाडका, तरी तो वगळला, कारण त्याच्याबद्दल जे म्हणायचं ते तिने अकरावीतच म्हणून झालं होतं. 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधल्या ओकोंक्वोबद्दल मात्र तिचं मत दर खेपेला बदलत होतं. ज्या पोराने आपल्याला बाप म्हटलं त्या इकेमेफुनावर त्याने स्वतः कोयता का उगारला, याचं तिला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नव्हतं. म्हणून ते पुस्तक तिने परीक्षेच्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवलं.