जिवंतपणीचे चार खांदे



संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला कफर्णहूमचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रभू येशू घरात शिकवत आहे. दारापर्यंत माणसे दाटली आहेत. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. आत शिरायला वाट नाही, म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि त्याला खाटेसकट प्रभूसमोर उतरवतात. मार्क त्या चौघांची नावे देत नाही. आजारी माणूस तर सबंध प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. प्रभू मात्र त्यांचा विश्वास पाहतो. एकट्या रुग्णाचा नव्हे, त्यांचा, म्हणजे खाट उचलून आणणाऱ्यांचाही.

आपल्याकडे चार खांदेकरी म्हटले की अंत्ययात्राच डोळ्यांपुढे येते. माणूस गेल्यावर खांदा द्यायला गर्दी होते. कफर्णहूमच्या चौघांनी जिवंत माणसाला खांदा दिला. आज आपण एका अशा आजाराविषयी मनन करणार आहोत ज्यात जिवंतपणीच चार खांद्यांची गरज लागते, आणि ती एका दिवसापुरती नसते.

या आजाराचे नाव लांबलचक आहे: अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एएलएस. मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांपैकी हा मुख्य. जाँ-मार्तें शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी 1869 साली त्याचे वर्णन केले. हाता-पायांची हालचाल, बोलणे, गिळणे, श्वास घेणे यांचे हुकूम मेंदूपासून स्नायूंपर्यंत पोहोचवणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्या या आजारात एकामागून एक मरत जातात.

भिवंडीकरांना हे समजायला अवघड नाही. माग शाबूत आहे, ताणा भरलेला आहे, वीजही आलेली आहे. पण मीटरपासून मोटारीपर्यंतची वायर आतून झिजत चालली आहे. मग धोटा हलणार कसा? कारागिराची चूक नाही आणि सुताचीही नाही. पण बंद पडलेला माग वायर बदलून पुन्हा सुरू करता येतो. या चेतापेशी बदलता येत नाहीत, आणि हुकूम न मिळालेला स्नायू दिवसेंदिवस वाळत जातो.

सुरुवात फार साधी असते. पायातली चप्पल निसटते. शर्टाचे बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना बोटे ऐकत नाहीत. कुणाची जीभ बोलताना जड होते, कुणाला चहाच्या घोटाने ठसका लागतो. कातडीखाली मांस आपोआप फडफडते, पायात गोळे येतात. पुढे ही कमजोरी पसरत जाते आणि शेवटी श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. बहुतेक रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षे जगतात; काही जण दहा वर्षांहूनही अधिक.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी सुमारे 30 वर्षांत पाहिलेल्या 1,153 रुग्णांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध केला. आजार सुरू झाला तेव्हा त्या रुग्णांचे सरासरी वय 46 च्या आसपास होते. म्हणजे मुले शाळा-कॉलेजात, घराचे हप्ते अर्धे फिटलेले, आणि घरातला कर्ता माणूस खुर्चीत.

पण बंधुभगिनींनो, हा आजार काय घेत नाही, हेही नीट समजून घ्यायला हवे. दृष्टी जात नाही, ऐकू येणे थांबत नाही, स्पर्श कळतो. डोळ्यांची हालचाल बहुधा शेवटपर्यंत राहते. काही रुग्णांच्या विचारांत आणि वागण्यात बदल होतो हे खरे, पण पुष्कळांची समज शाबूत राहते. आपण खोलीत शिरून त्याच्यादेखत 'आता किती दिवस?' असे विचारतो ना, ते त्याला स्पष्ट ऐकू येते. कधी कधी तो कारण नसताना रडतो किंवा हसतो. तोही या आजाराचाच भाग असतो. कुणी त्याचा राग मानू नये.

हा आजार संसर्गाने होत नाही. त्याच्या ताटात जेवल्याने, त्याला मिठी मारल्याने तो कुणाला लागत नाही. दहातल्या सुमारे एका रुग्णाच्या घराण्यात तो आढळतो. बाकीच्यांना तो का झाला, हे सांगता येत नाही. जिथे कारण सापडत नाही, तिथे माणसे कारण तयार करतात. कुणी नजर लागली म्हणते, कुणी करणी म्हणते, कुणी दबक्या आवाजात त्या घराची जुनी पापे काढते. आपण ख्रिस्ती माणसेही यातून सुटलेलो नाही. संत योहान यांच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून हाच प्रश्न केला होता: पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली. त्याने नाकारलेले उत्तर आपण कुणाच्या दारात नेऊन ठेवू नये.

आजार बरा करणारे औषध आज नाही. रिल्युझोल नावाच्या गोळीला अमेरिकेत 1995 साली मान्यता मिळाली. तिने आजाराची चाल थोडी मंदावते. टोफर्सेन हे 2023 साली तिथे मान्यता मिळालेले औषध एका विशिष्ट जनुकदोषाच्या मोजक्या रुग्णांसाठी आहे. श्वासाला मदत करणारे बायपॅप यंत्र, पोटात नळीने अन्न देण्याची सोय, व्यायामतज्ज्ञांची मदत यांनी आयुष्य सुसह्य होते आणि काही वेळा वाढतेही. मात्र 'खात्रीचा इलाज' म्हणून जे जे पुढे येईल, त्याच्यापुढे दागिने ठेवण्याआधी थांबा. मूळपेशींचा उपचार या आजारावर सिद्ध झालेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार मान्यताप्राप्त वैद्यकीय चाचणीबाहेर करता येत नाही. रुग्णासाठी प्रार्थना करणे ही श्रद्धा आहे; त्याच्या भीतीचा बाजार मांडणाऱ्यावर भरवसा ठेवणे ही श्रद्धा नव्हे.

या आजाराचे जगाला सर्वांत परिचित नाव म्हणजे स्टीफन हॉकिंग. आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि हॉकिंग यांची 1961 साली इंग्लंडमधल्या एका विज्ञान शिबिरात गाठ पडली, तेव्हा दोघे टेबल टेनिस खेळले होते. दोनच वर्षांनी, 1963 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हॉकिंग यांना आजाराचे निदान सांगण्यात आले. 1985 साली जिनिव्हात त्यांना न्यूमोनिया झाला. कृत्रिम श्वास बंद करायचा का, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्यांच्या पत्नी जेन यांनी ठाम नकार दिला. घशाला छिद्र पाडावे लागले, आवाज कायमचा गेला. पण त्यांचे जगप्रसिद्ध पुस्तक त्यानंतर, 1988 साली निघाले. जानेवारी 2001 मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेसाठी ते आपल्या मुंबईत आले होते. 2018 साली, वयाच्या 76 व्या वर्षी ते गेले. ते देव मानत नव्हते, तरीही 1986 पासून ते पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे सदस्य होते. इतकी वर्षे क्वचितच कुणाला मिळतात, म्हणून हॉकिंग यांचे उदाहरण देऊन कुठल्या रुग्णावर ओझे टाकू नये. पण त्यांच्या खुर्चीमागेही पत्नी, विद्यार्थी, परिचारिका असे पुष्कळ हात होते, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

आता एक अवघड प्रश्न. श्वास कमी पडू लागला की व्हेंटिलेटर लावायचा का, हे घरच्यांना ठरवावे लागते, आणि बहुधा रात्री दोन वाजता, घाबरलेल्या अवस्थेत. ख्रिस्तसभेची शिकवण इथे स्पष्ट आहे. दुःख संपावे म्हणून माणसाला मुद्दाम मरण देणे हे पाप आहे. परंतु रुग्णाला असह्य ओझे होणारा आणि अपेक्षित लाभाच्या मानाने अतिरेकी असलेला उपचार न घेणे किंवा थांबवणे म्हणजे हत्या नव्हे. तो मरणाचा नम्र स्वीकार आहे. पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर श्वसनयंत्राबद्दल असे मार्गदर्शन केले होते. नेहमीची शुश्रूषा मात्र कधीही थांबवायची नाही, आणि वेदना कमी करणारे उपचार घेण्यात काही गैर नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली अशा इच्छेचे लेखी पत्र मान्य केले आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. म्हणून रुग्णाला बोलता येते आहे तोवर डॉक्टर, घरचे आणि धर्मगुरू यांनी त्याच्यासह बसून बोलावे. व्हेंटिलेटर हवा म्हणणाराही देवाचा, नको म्हणणाराही देवाचाच. त्याला न विचारता त्याचे ठरवून टाकू नये.

मग धर्मग्राम म्हणून आपण काय करायचे? खाटेला चार टोके असतात.

पहिले टोक भेटीचे. सुरुवातीला सगळे येतात, सहा महिन्यांनी जिना रिकामा होतो. काय बोलावे सुचत नाही म्हणून आपण जात नाही. बोलायला नकोच, जाऊन बसा. पुठ्ठ्यावर मुळाक्षरे ओळीने लिहा, एकेका ओळीवर बोट ठेवा, हवी ती ओळ आली की तो पापणी मिटेल. एक वाक्य व्हायला दहा मिनिटे लागतील. दहा मिनिटे आपल्याजवळ आहेत.

दुसरे टोक हातांचे. रात्रीतून अनेकदा कूस बदलून द्यावी लागते, लाळ पुसावी लागते, घास मऊ करून भरवावा लागतो. हे बहुतेक घरांत पत्नी, आई किंवा मुलगी करते, आणि तिला कुणी 'तू जेवलीस का?' असे विचारत नाही. आठवड्यातून दोन तास तिथे बसा आणि तिला झोपू द्या.

तिसरे टोक धावपळीचे. मज्जातंतूंच्या तपासणीसाठी परळच्या केईएमला किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरला जायचे म्हणजे भिवंडीहून आधी कल्याण किंवा ठाणे, मग लोकल. आणि मान धरवत नसलेला माणूस सोबत. एकटी बाई हे कसे करणार? रिक्षा, गाडी, रांगेत उभे राहणे, केसपेपर काढणे हे आपल्या तरुणांनी वाटून घ्यावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मज्जासंस्थेच्या आजारामुळे हालचाल गमावलेल्यांचाही समावेश होतो. म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज भरून देणे हीसुद्धा सेवाच आहे.

चौथे टोक संस्कारांचे. पुष्कळ घरे फादरांना शेवटच्या घटकेला बोलावतात. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाच्या दारातला संस्कार नाही. गंभीर आजारात तो आधीच घ्यावा, आणि प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हा घेता येतो. गिळता येत नसेल तर पवित्र भाकरीचा अगदी लहान कण चालतो. तोही जमत नसेल तर फक्त पवित्र रक्ताच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. आजाऱ्याला आणि त्याची काळजी घेणाऱ्यालाही ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासाच्या उपवासाची अट नाही. वाचा गेलेल्याला खुणांनी पापनिवेदन करता येते. देवाला पापणीची भाषा कळते.

2005 सालचा पास्काचा रविवार काहींना आठवत असेल. पोप जॉन पॉल दुसरे, पार्किन्सनच्या आजाराने थकलेले, घशाला छिद्र पाडलेले, खिडकीत आले. बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटला नाही. हात उचलून त्यांनी मुक्यानेच आशीर्वाद दिला, आणि सहा दिवसांनी, 2 एप्रिलला, ते प्रभूकडे गेले. त्यांचा आजार वेगळा होता. पण न बोलणारा माणूसही देणारा असू शकतो, हे त्या दिवशी सर्वांना दिसले. प्रभूनेही संत पेत्राला सांगितले होते की म्हातारपणी दुसरेच कुणी तुझी कंबर बांधतील आणि तुला नको तिकडे नेतील. दुसऱ्याच्या हाती जाणे हाही शिष्यत्वाचाच भाग आहे.

कफर्णहूमचा तो माणूस खाट उचलून घरी गेला. आपल्याकडचे रुग्ण उठून चालतील, असे वचन आपण देऊ शकत नाही. खाट जमिनीवर पडणार नाही, एवढे वचन आपण देऊ शकतो. ज्यांच्या घरी असा आजार असेल, त्यांनी लाजू नये. आपल्या समूहप्रमुखांना किंवा फादरांना सांगावे. आणि बाकीच्यांनी आज मिस्सानंतर आपल्या आळीतल्या एका बंद दाराची आठवण करावी.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, क्रूसावर तुझे हातपाय खिळलेले होते, तरी तू शेवटपर्यंत प्रेम करीत राहिलास. ज्यांचे देह आज अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्या उशाशी तू राहा. त्यांना सांभाळणाऱ्यांना झोप दे, बळ दे, सोबत दे. आणि आम्हाला ते चार जण कर, ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत, पण ज्यांचा विश्वास तुला दिसला. आमेन.