शून्य बिल आणि अपरिग्रह
सौर पॅनलमुळे वर्षाचे वीजबिल शून्य आले, म्हणून घर अपरिग्रही, म्हणजे गरजेपुरतेच घेणारे, ठरते का? मला नाही वाटत. लातूर-नांदेडच्या मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. रात्री एसी चालतो तेव्हा पॅनल काहीच देत नसते. वीज येते ती मुख्यतः कोळशाची. वार्षिक बेरजेत दिवसाच्या निर्मितीआड रात्रीचा हा वापर झाकून जातो. प्रश्न पाण्याचाही आहे: शेजारचे परळी औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद पडले, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात कोळशाच्या विजेच्या युनिटमागे पाणीही खर्ची पडते. म्हणून आधी विजेची गरज तपासावी, घरच कमी तापेल असे पाहावे, निर्मिती नंतर. कोणी म्हणेल, जाड भिंतींची जुनी माळवदाची घरे थंड होती, पण १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्यांनीच माणसे गाडली. आक्षेप खरा आहे, जिवापुढे गारवा दुय्यमच. पण भूकंपरोधक घराच्या छतावरही चुन्याचा पांढरा थर देता येतो, पश्चिमेच्या भिंतीला सावली करता येते.