खालची दिशा

 



ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने सांगितलं म्हणून परवा शुक्रवारी रात्री मी एक इंग्रजी सिनेमा बघितला. नाव ‘सॉरी टू बॉदर यू’, 2018 सालचा, दिग्दर्शक बूट्स रायली. विनोदी म्हणून लावला होता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आज त्याच्या निमित्ताने सम्यक आजीविकेबद्दल थोडं बोलायचं आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या ऑकलंड शहरातली. कॅशियस ग्रीन हा काळा तरुण फोनवरून माल विकण्याची नोकरी धरतो. कोणी त्याचं ऐकून घेत नाही. शेजारी बसणारा एक वयस्कर सहकारी त्याला युक्ती सांगतो, ‘गोऱ्यांच्या आवाजात बोल.’ म्हणजे ज्याची सगळी बिलं भरलेली आहेत, ज्याला कसलीच चिंता नाही, अशा माणसाच्या आवाजात. कॅशियसला तो आवाज जमतो आणि त्याचं नशीब पालटतं.

हे बघताना मला हसू आलं नाही. आपल्यातल्या किती जणांना असा दुसरा आवाज ठेवावा लागतो! पुण्यात पहिल्या नोकरीत मी माझी बोली गिळून टाकली होती. इथे कुवेतमध्येही एखाद्या भारतीय माणसाने ‘तुमचं पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?’ असं विचारलं, की तो पुढे काय शोधतो आहे हे आपल्याला कळतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर धागा तोंडाने ओढावा लागे आणि तो उष्टा होई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाशी लढताना दुसऱ्याला विसरू नका, हा त्याचा अर्थ.

इथवर सिनेमा आपल्या बाजूने बोलतो. पण पुढे तो आपल्याला आरशासमोर उभं करतो.

कॅशियसला बढती मिळते. सोनेरी लिफ्टने तो वरच्या मजल्यावर जातो. खाली त्याचेच मित्र संपावर आहेत आणि तो त्यांच्यामधून वाट काढत रोज कामावर जातो. वर गेल्यावर तो काय विकतो? शस्त्रं, आणि माणसांचे श्रम. एक कंपनी लोकांकडून जन्मभराचा करार लिहून घेते. बदल्यात जेवण आणि झोपायला एकावर एक रचलेले पलंग. ते श्रम कॅशियस गोड आवाजात विकतो.

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. दुसऱ्याला पालीत सत्तवणिज्जा म्हणतात. सत्त म्हणजे जिवंत प्राणी, त्यात माणूसही आला. कॅशियस पहिले दोन व्यापार एकाच खुर्चीत बसून करतो. त्याच्या हाताला रक्त लागत नाही, तो फक्त फोन करतो.

बंधूंनो, मीही फक्त संगणकावर काम करतो. 2022 मध्ये आम्ही मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका ग्राहकासाठी सॉफ्टवेअर केलं. हजेरी, रजा, आणि लेबर कॅम्पमधल्या खोल्यांचं वाटप. खोलीची क्षमता भरली की पडद्यावर लाल इशारा यायचा आणि पुढचं नाव घालता यायचं नाही. ग्राहक म्हणाला, ‘याने काम अडतं, बंद करा.’ मी तो इशारा दहा मिनिटांत बंद केला. चहा प्यायलो आणि घरी गेलो.

12 जून 2024 च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली. चाळीसहून अधिक भारतीय कामगार गेले. त्या इमारतीचा आमच्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नव्हता. तेवढ्यावर मी माझ्या मनाची समजूत काढली. मेणबत्तीचं चित्र ग्रुपवर पुढे पाठवलं आणि गप्प बसलो. या सिनेमातले ते पलंग बघेपर्यंत गप्पच होतो.

सिगालोवाद सुत्तात तथागत सिगालाला सहा दिशा समजावून सांगतात. आईवडील पूर्व, गुरू दक्षिण. खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी राबणारी माणसं. त्यांच्याबाबत पाच कर्तव्यं आहेत: ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. कुवेतमध्ये उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घेण्यास बंदी असते. तो नियम वाचताना मला हे पहिलं कर्तव्यच आठवतं. आपण मालक नाही, हे खरं. पण मालकाचं काम ज्या खुर्चीतून चालतं, त्या खुर्चीत आपल्यापैकी बरेच जण बसतात. कोणी पगाराचा तक्ता करतो, कोणी साइटवर पाळी लावतो, कोणी खोल्या वाटतो.

रविवारी कामावर गेल्यावर मी व्यवस्थापकांना ईमेल लिहिला, की तो इशारा पुन्हा चालू करावा, आणि कारणही लिहिलं. भीती वाटली. माझा इकामा याच नोकरीवर आहे, मुलगी इथेच बारावीत आहे. अजून उत्तर आलेलं नाही. पण पंचशील म्हणताना जो आवाज अडखळायचा, तो थोडा मोकळा झाला.

पुढच्या शुक्रवारी वंदनेला येताना प्रत्येकाने आपल्या कामातली एक गोष्ट आठवून या, जिचा भार खालच्या दिशेवर पडतो. ती दुरुस्त करणं आपल्या हातात किती आहे, ते आपण एकत्र बसून बघू. एकट्याने लिहिताना हात कापतो. संघ त्यासाठीच आहे.

भवतु सब्ब मंगलं. साधु, साधु, साधु!