थोडक्याचे मोल

शरीराची निगा राखणे हे कर्तव्य आहे की केवळ देहाचे चोचले, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत क्वचितच विचारला जातो. दारू आणि तंबाखू यांविषयी आपण व्यासपीठावरून बोलतो. बसून राहण्याविषयी बोलत नाही. मीही कधी बोललो नाही. भाषांतराचे काम बैठे, आणि सबब हाताशी होती : तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाने शारीरिक कसरतीचे मोल थोडेच मानले आहे. पन्नाशी ओलांडेपर्यंत ही सबब मला पुरली.

मूळ ग्रीक पाहिले, तर ती टिकत नाही. तेथील ‘प्रॉस ऑलिगॉन’ या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘थोड्या प्रमाणात’ असा होतो, तसाच ‘थोड्या काळापुरता’ असाही होतो. याकोबाच्या पत्रात (4:14) मानवी जीवनाला वाफेची उपमा दिली आहे, तेथे हाच प्रयोग काळाच्या अर्थाने आला आहे. शिवाय पौल येथे सुभक्तीशी तुलना करीत आहे. तुलनेने जे थोडे, ते व्यर्थ नव्हे.

हा ‘थोडा काळ’ किती मोलाचा असतो, हे मला आईच्या अखेरच्या वर्षांत समजले. न्हाणीघरात पडल्यानंतर ती स्वतःहून उठू शकत नसे. आम्हांला तिचा भार वाटला नाही. परंतु प्रत्येक वेळी उचलताना ती सुनेची क्षमा मागत असे. तिचा काही अपराध नव्हता. पण माझे काय? माझ्या गुडघ्यांचे ओझे उद्या कोणाच्या तरी हातांवर पडणार असेल, तर ‘माझे शरीर, माझा प्रश्न’ असे मला म्हणता येईल काय?

आता वय झाले, काय उपयोग, असेही म्हणता येत नाही. लंडनच्या दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बैठ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली दाखवून दिले. 1990 साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातील दहा वृद्धांना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला, तेव्हा त्यांच्याही पायांची ताकद लक्षणीय वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीनंतरही आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम करावेत. ज्यांना व्याधी आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने जमेल तितके करावे.

मात्र येथे एक धोका आहे. आरोग्याला सद्‌गुण मानले, की आजारी माणूस दोषी ठरतो. ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक केली. नियमाने चालणाराही अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून कर्तव्य निरोगी असण्याचे नाही. हाती सोपविलेल्या शरीराचा कारभार प्रामाणिकपणे पाहण्याचे आहे. फळ आपल्या स्वाधीन नाही.

हा कारभार संकल्पाने चालत नाही, सवयीने चालतो. शील सवयीतून घडते, असे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले. लंडनमधील एका अभ्यासात (2010) नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारणपणे 66 दिवस लागल्याचे आढळले. कोणाला 18 पुरले, तर कोणाच्या बाबतीत 254 दिवसांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसून आले. संकल्प मोडला म्हणून निराश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मी सकाळच्या चहानंतर वीस मिनिटे चालतो. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठतो आणि बसतो, व टेबलाला हात लावून क्षणभर एका पायावर उभा राहतो. वेळ चहाशी बांधली, म्हणून आठवण करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात खंड पडतो; दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करतो.

खुर्चीवरून उठताना दररोज आईची आठवण होते. माझ्यावरही उचलून घेण्याची वेळ येईल, कदाचित येणार नाही. आली, तर ती नम्रपणे स्वीकारता यावी. परंतु ती केवळ माझ्या आळसामुळे आलेली नसावी, इतकीच माझी इच्छा आहे.