परक्या देशाचें पाणी

परदेशीं निघालेल्या माणसाला निरोप देतांना आप्तेष्ट जे अनेक उपदेश करतात, त्यांपैकीं एक हटकून पाण्याविषयींचा असतो. आपल्याकडे येणाऱ्या परकीयांनाहि त्यांचे आप्त तोच उपदेश करीत असतात, ही गोष्ट मात्र आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. हा प्रश्न आरोग्याचा. त्यांत नीतीचा विचार कोठून आला, असें कोणी म्हणेल. पण ज्याच्या घरीं आपण पाहुणे म्हणून जातों, त्यानें पुढें केलेला पेला बाजूस सारतांना आपण त्याच्याविषयीं कांहीं मत देत असतों कीं नाहीं? आणि देत असलों, तर तें द्यावयाचा आपणांस अधिकार काय? केवळ वैद्यावर सोंपवून मोकळें व्हावें, असा हा प्रश्न मला वाटत नाहीं.

१९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग विलायतेस गेले, ते गंगेचें पाणी बरोबर घेऊन. ज्या प्रचंड चांदीच्या रांजणांतून तें नेलें, ते जयपूरच्या राजवाड्यांत आजहि पाहावयास मिळतात. एकेकांत चार हजार लिटरांवर पाणी मावतें. आतां गंमत अशी कीं, लंडनचें पाणी त्या काळीं वाळूच्या थरांतून गाळून मगच लोकांना दिलें जात असे. तसें बंधन पाणीपुरवठा करणाऱ्या कंपन्यांवर १८५२ च्या कायद्यानेंच घातलें होतें. न गाळलेलें गंगाजल आणि गाळलेलें टेम्सचें पाणी हीं दोन्ही पुढें ठेवलीं असतीं, तर जंतुशास्त्रज्ञाचा हात बहुधा टेम्सकडेच वळला असता. महाराजांना अर्थात् जंतूंची पर्वा नव्हती. त्यांना भीति होती ती धर्माची.

आजचा प्रवासी चांदीचा रांजण नेत नाहीं, बंद बाटली विकत घेतो. बाह्यतः दोघांची कृति एकच दिसते; परंतु पहिला विचारतो, हें पाणी कोणाच्या हातचें, आणि दुसरा विचारतो, ह्या पाण्यांत आहे काय. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले म्हणजे काय होतें, हें निदान महाराष्ट्रानें तरी विसरतां कामा नये. १९२७ च्या मार्चमध्यें महाड येथें डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. आणि त्यानंतर गांवच्या सनातन्यांनीं तें तळें शुद्ध करून घेतलें. कशानें? तर शेण, गोमूत्र, दूध व दहीं ह्यांच्या घागरी त्यांत ओतून! माणसांच्या ओंजळीनें जें पाणी यत्किंचितहि बिघडलें नव्हतें, तें ह्या शुद्धीनें बिघडलें.

तेव्हां बाटली हातीं धरलेल्या प्रवाशानें आपल्या मनाची एक परीक्षा घेऊन पाहावी. गल्लींतल्या खानावळींतला पेला तो परतवितो, हें ठीक. पण त्याच संध्याकाळीं मोठ्या हॉटेलांत सरबतांतला बर्फ तो निःशंकपणें तोंडांत घोळवितो काय? थंडीनें जंतु मरतातच असें नाहीं. पुष्कळसे नुसते गोठून पडतात व बर्फ वितळला कीं पुनः कामाला लागतात. मद्यानें बर्फ निर्दोष होतो ही समजूतहि खोटीच. आणि हॉटेलाचा नळ पुष्कळदां त्याच शहराच्या नळाला जोडलेला असतो. असा प्रवासी भितो तो जंतूंना नव्हे, गरिबीला भितो. हा सोंवळेपणाच होय. फक्त त्यानें विज्ञानाचें उपरणें पांघरलें आहे.

याच्या उलट टोंक म्हणजे आर्नल्ड बेनेट. ह्या इंग्रज कादंबरीकाराचें पॅरिसवर मनापासून प्रेम. कित्येक वर्षें तो फ्रान्समध्यें राहिला, त्याची पत्नी फ्रेंच होती, आणि १९०८ सालीं निघालेल्या त्याच्या 'दि ओल्ड वाइव्हज् टेल' ह्या कादंबरीचा एक मोठा भाग पॅरिसमध्यें घडतो. १९३१ च्या प्रारंभाच्या सुमारास तेथें असतांना तो साधें नळाचें पाणी प्याला. वाढप्यानें हें शहाणपणाचें नाहीं असें सांगितलें असतांहि तो प्याला, असें सांगतात. लंडनला परतल्यावर विषमज्वरानें त्याला गांठलें आणि २७ मार्च १९३१ रोजीं तो वारला. एखाद्या नगरावर आपला विश्वास असणें ही थोर भावना आहे. पण विषमज्वराच्या जंतूला तिची दखल घेण्याचें कारण नव्हतें. पाणी परतविणें हा यजमानाचा अपमान, ही समजूत म्हणूनच मला मान्य नाहीं. शंका पाण्याविषयीं घ्यावयाची असते, माणसाविषयीं नव्हे.

मला तर ह्या कथेंत बेनेटपेक्षां तो वाढपीच अधिक आदरणीय वाटतो. आपल्या गांवचें पाणी बरें नाहीं हें परक्याजवळ कबूल करावयास एक प्रकारचें धैर्य लागतें. आपण मात्र बहुधा काय करतों? "आमच्याकडचें पाणी अमृतासारखें आहे, कांहीं होत नाहीं, घ्या" असा आग्रह करतों, आणि त्यालाच आतिथ्य म्हणतों. पाहुण्यानेंहि नाहीं म्हणावयाची रीत शिकावी. चहा मागावा, पाणी खळखळून मिनिटभर उकळलें कीं रोगजंतु मरतात, आणि यजमानाचा मानहि राहतो. चीनमध्यें तर पाहुण्यापुढें उकळलेलें पाणी ठेवण्याची रीतच पडून गेली आहे. त्यामुळें तेथें हा संकोच मुळांतूनच टळतो.

"पण तेथील लोक तेंच पाणी पितात, त्यांना कांहीं होत नाहीं" असें एक उत्तर नेहमीं ऐकूं येतें. त्यांत सत्याचा अंश आहे. त्याच त्या जंतूंशीं वारंवार गांठ पडून प्रौढांच्या अंगीं थोडीबहुत प्रतिकारशक्ति येते. पण तिची किंमत बाळपणीं मोजलेली असते, आणि ज्यांना ती पुरी मोजतां आली नाहीं तीं मुलें हें उत्तर द्यावयास मागें उरलेलीं नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणें पांच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुलें अजूनहि दरवर्षीं अतिसारानें दगावतात. प्रवाशाला जें आठवडाभराचें संकट, तें यजमानाच्या घरीं कायमचें वस्तीला असतें. बाटली विकत घेऊन प्रवासी ह्या संकटांतून स्वतःपुरता सुटतो. सुटूं नये असें मी म्हणत नाहीं, पण आपण सुटलों म्हणजे प्रश्नहि सुटला असें त्यानें मानूं नये.

आणि संकट नेहमीं यजमानाकडूनच पाहुण्याकडे जातें असेंहि नाहीं. २०१० च्या जानेवारींत हैती देशांत प्रचंड भूकंप झाला. तेथें गेल्या शतकभरांत पटकीची नोंद नव्हती. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ती उद्भवली, आणि शोध घेतां तिचा माग मीरबाले गांवाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीपर्यंत गेला. तुकडी नेपाळहून आलेली होती. छावणीचा मैला ज्या ओढ्यांत उतरला, तो पुढें आर्तिबोनीत नदीला मिळत होता, आणि नदीकांठचे लोक तेंच पाणी पीत होते. सुमारें दहा हजार माणसें मेलीं. पाहुणे मदतीसाठीं आले होते, ह्यांत शंका नाहीं. तरी संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य चिटणिसांनीं हैतीच्या लोकांची क्षमा मागितली ती २०१६ च्या डिसेंबरांत, म्हणजे सहा वर्षांनीं. आणि भरपाईचा दावा अमेरिकेच्या न्यायालयांत गेला, तेव्हां त्या संस्थेवर दावाच चालूं शकत नाहीं असा निकाल मिळाला.

नव्या गांवीं उतरल्यावर येथलें पाणी कसें आहे, हें प्रत्येक प्रवासी विचारतो. आपण उतरलों आहों त्या जागेचा मैला कोठें जातो, हेंहि त्यानें एकदां विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर हॉटेलवाल्याच्या जिभेवर तयार असतें. दुसऱ्याला बहुधा तो मालकास बोलावून आणतो, आणि पुष्कळदां मालकालाहि तें ठाऊक नसतें.